चाकांवरचे घर

इंग्लंडमध्ये सुट्टीच्या दिवसांत मोटारीच्या मागे एक लहानसे घर जोडून प्रवासास निघणारी अनेक कुटुंबे दृष्टीस पडतात. या घराला तेथे कॅरव्हान म्हणतात. निजण्याची जागा, चूल, पाण्याची टाकी, कपाटे असा सारा संसार तिच्यात सामावलेला असतो. निव्वळ हौसेच्या प्रवासासाठी बांधलेली पहिली कॅरव्हान म्हणून गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त आरमारी डॉक्टरांच्या गाडीचा उल्लेख होतो. ती १८८५ साली ब्रिस्टल येथे तयार झाली आणि दोन घोडे ती ओढीत. पुढे घोडे गेले, मोटार आली; परंतु ओढणाऱ्याची जबाबदारी काही हलकी झाली नाही.

बर्मिंगहॅमहून डेव्हनच्या समुद्रकिनाऱ्याकडे निघालेल्या एका वृद्ध शिक्षकाला हे पुरते ठाऊक होते. बरोबर त्यांची पत्नी व दहा वर्षांचा नातू होता. पहाटेपासून आभाळ भरून आले होते. नातवाने आपली पुस्तकांची जड पेटी कॅरव्हानच्या अगदी मागच्या टोकाला ठेवली होती. आजोबांनी ती मुकाट्याने उचलली आणि मध्यभागी, चाकांच्या वर, तळाशी ठेवली. मुलगा हिरमुसला. मग आजोबांनी जोड तपासला. तो निखळलाच तर कॅरव्हानचा ब्रेक आपोआप लागावा, म्हणून असलेली तार अडकवली. दिवे लावून पाहिले आणि मोटारीला दोन्ही बाजूंनी लांब आरसे बसवले.

हमरस्त्यावर येताच पावसाने जोर धरला. मोठमोठ्या गाड्यांच्या चाकांतून उडणाऱ्या तुषारांनी पुढचे दिसेना. कॅरव्हान ओढणाऱ्या मोटारीने तेथे ताशी साठ मैलांची मर्यादा ओलांडायची नसते; तीन पदरी मार्गावर अगदी उजव्या पदरात शिरायचेही नसते. आजोबांनी तर वेग पन्नासच्याही खाली आणला. ओल्या रस्त्यावर गाडी थांबण्यास निदान दुप्पट अंतर लागते, म्हणून पुढे त्यांनी ऐसपैस जागा राखली होती. त्या जागेत कोणी घाईखोर घुसे. मग ते पुन्हा थोडे मागे राहत.

“आजोबा, सगळेच आपल्याला मागे टाकून जातात!” नातू कुरकुरला.

“जाऊ देत, बाळ. त्यांच्या मागे घर नाही,” आजोबा म्हणाले.

ब्रिस्टलजवळ एव्हन नदीवरचा उंच पूल लागला. तेथे वाऱ्याला आडोसा नव्हता. इतक्यात उजवीकडून एक प्रचंड मालमोटार झपाट्याने पुढे गेली. तिने लोटलेल्या हवेचा धक्का बसला आणि कॅरव्हान शेपटीसारखी डावीउजवीकडे झुलू लागली. तिच्याबरोबर मोटारही हेलकावली. आजीने दाराची मूठ घट्ट धरली.

“आजोबा, ब्रेक!” मुलगा ओरडला.

आजोबांनी ब्रेक दाबला नाही. सुकाणूचक्र सरळ धरून त्यांनी वेग देणाऱ्या पट्टीवरचा पाय तेवढा अलगद उचलला. एक झोका, दुसरा झोका, तिसरा त्याहून लहान. आणि कॅरव्हान हळूहळू सरळ झाली. कोणी काही बोलले नाही.

पुढल्या विसाव्याच्या जागी चहा घेताना आजोबांचे हात किंचित थरथरत होते. मुलाने ते पाहिले. “तुम्ही ब्रेक का नाही दाबलात?” त्याने हळूच विचारले.

“त्या वेळी जोराने ब्रेक दाबला असता, तर मागच्या वजनाने रेटून आपली मोटारच आडवी केली असती. भार मागच्या टोकाला असता, तर झोके वाढतच गेले असते. म्हणून तुझी पेटी हलवली. हे तुला तेव्हाच सांगायला हवे होते.”

मुलगा खाली मान घालून ऐकत होता.

मुक्कामी पोहोचायला ठरल्यापेक्षा दोन तास उशीर झाला. कॅरव्हानचे दार उघडले, तेव्हा कपाटातील एकही पेला फुटला नव्हता.

सुट्टी संपली. परतीच्या दिवशी त्या पेटीत दोन नव्या पुस्तकांची भर पडली होती. मुलाने ती दोन्ही हातांनी उचलून आत नेली आणि बरोबर चाकांच्या वर, तळाशी ठेवली. त्याला कोणी सांगावे लागले नाही.