गोधडीची मजुरी कोण मोजणार?

गोधडी म्हणजे गरिबीची खूण नव्हे. ती कष्टकरी बायांच्या हिशेबी बुद्धीची निर्मिती आहे. माझी आई शेतमजुरीवरून आल्यावर गोधडी शिवायची. तिचे नियम पक्के होते. कापड सुतीच हवं, नायलॉन घाम टिपत नाही. नवं कापड आधी धुवायचं, नाहीतर ते नंतर आटतं आणि गोधडी आखडते. आतल्या चिंध्या सपाट पसरायच्या, गोळा राहिला की अंगाला रुततो. आधी कच्चे टाके घालून थर पक्के करायचे, मग कडेपासून मध्याकडे धावदोरा घालत जायचं.

हे ज्ञान आहे. तरी एका विक्रेत्याने तिला पैसे देताना सुनावलं, "कापड तर जुनंच आहे!" कापडाची किंमत झाली, महिनाभराच्या रात्रींची नाही. जात श्रमिकांनाच वरच्या-खालच्या पायऱ्यांवर बसवते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडलं. म्हणूनच वस्तीतल्या 'चिंध्या' शोरूममध्ये 'कला' होतात.

अमेरिकेत अलाबामामध्ये मतदार म्हणून नाव नोंदवल्याबद्दल काळ्या कुटुंबांना जमिनीवरून हुसकावलं जात होतं. तिथल्या बायांनी १९६६ साली 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली आणि गोधड्या एकत्र विकल्या. दयेची वाट पाहिली नाही.

आपल्या बचत गटांनीही प्रत्येक गोधडीवर तीन गोष्टी लिहाव्यात: शिवणारीचं नाव, लागलेले तास, मजुरी. कौतुक नको, हिशेब हवा.

जय भीम!