षड्ज

आम्ही सातजण कॉलेजांत असतांना वाद्यांवांचून गात असूं. ही कांहीं आमची प्रतिज्ञा नव्हती. स्नेहसंमेलनाच्या दिवशींच पेटीचा भाता फाटला आणि पेटी नाहीं तर आपणहि नाहीं असें तबलजीनें कळविलें, एवढेंच तिचें मूळ. पुढें पुस्तकांतून समजलें कीं, या प्रकाराला 'आ काप्पेल्ला', म्हणजे प्रार्थनामंदिराच्या रीतीचें, असें इटालियन नांव आहे, आणि अमेरिकेंतील येल विद्यापीठांत विद्यार्थ्यांचें असें एक मंडळ १९०९ पासून गात आलें आहे. आपली फजितीदेखील विद्वन्मान्य निघाली, याचा आम्हांस कोण आनंद झाला!

तिकडे निरनिराळे कंठ एकाच वेळीं निरनिराळे स्वर घेतात व त्यांच्या मेळांतच गाणें असतें. आमच्या गाण्याला तसला मेळ नको, पण आधार हवा. तो तंबोरा देतो. तंबोऱ्याच्या जागीं आमच्यापैकीं एकजण ओठ मिटून षड्ज धरून बसे. त्याला ताना येत नसत, म्हणून हें काम त्याच्याकडे आलें. श्वास घ्यावयाचा तो इतरांचे आवाज चढलेले असतांना घेई. ऐकणाऱ्याला खंड म्हणून कळत नसे. पुढें एका स्पर्धेंत बक्षीस मिळालें, तेव्हां छायाचित्राला सहाजणच उभे राहिलों. "तो कुठें गातो?" असें कोणीसें म्हणालें. तें म्हणणारे या ओळी लिहिणारे आम्हीच, हें सांगून टाकलेलें बरें.

पस्तीसएक वर्षांनीं, गेल्या हिंवाळ्यांत, आम्ही सातहीजण रत्नागिरीस जमलों. काजळी नदी जेथें समुद्राला मिळते, त्या भाट्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनांत सतरंजी अंथरली. मधुमेह, मुलांच्या नोकऱ्या, कलमांचा मोहोर, सर्व विषय झाले. मग भूप सुरू केला. दुसऱ्या आवर्तनापासूनच स्वर उतरूं लागला. वाद्यावांचून गाणाऱ्यांचें हें जुनेंच दुखणें. सगळे मिळून घसरतात, त्यामुळें घसरल्याचें कोणालाच कळत नाहीं. एकानें फोनवरचा तंबोरा लावून पाहिला, पण समुद्राच्या गाजेपुढें तो ऐकूं येईना.

तेव्हां सर्वांनीं त्याच्याकडे पाहिलें. तो केळीच्या पानावरचे पोहे संपवीत होता.

"मला कुठें गातां येतें रे?" तो म्हणाला. हे आमचेच शब्द. ते त्यानें सहज उच्चारले कीं इतकीं वर्षें जपून ठेवले होते, हें त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. पण हात पुसून त्यानें षड्ज धरला, आणि गाणें जागेवर आलें. मात्र वय झालें होतें. त्याचा श्वास आतां मध्येंच तुटे, आणि तुटल्याचें सर्वांना ऐकूं जाई. तिसऱ्या वेळीं तो तुटला तेव्हां आम्हीं गातां गातां थांबून ओठ मिटले व त्याचा स्वर धरला. त्यानें एकवार आमच्याकडे पाहिलें, श्वास भरून घेतला आणि तो पुन्हां आमच्यांत मिसळला.

पुढचा अंतरा कोणीं घेतला व कसा घेतला, हें आम्हांला सांगतां येणार नाहीं. आमचें सारें लक्ष श्वासाकडे होतें.