सफारीत न दाखवलेली विहीर

आमच्या मुलखातून मारवाडच्या वाळवंटात गेलेला, आणि नाव मागे राहिलेला, पहिला प्रवासी म्हणजे नामदेव. त्याची नर्सी आणि आमचं औंढा आज एकाच हिंगोली जिल्ह्यात आहेत. औंढ्यात तर त्यानं नागनाथाचं देऊळच फिरवलं. समोर कीर्तन करू देईनात म्हणून तो मागच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि नागनाथानं त्याच्याकडे तोंड केलं, अशी कथा आहे. नंदी अजून मागे आहे. परगावचं कुणी आलं की ही गोष्ट सांगायला आमच्याकडे शाळेतलं पोरही गाइड होतं.

असा हा नामदेव सातशेहून अधिक वर्षांपूर्वी ज्ञानदेवांबरोबर तीर्थयात्रेला निघाला. तीर्थावळीतला मारवाडचा प्रसंग कीर्तनात सगळ्यांनी ऐकलेला असतो. तहानेनं दोघांचा जीव कासावीस झाला. विहीर सापडली, पण ती भयंकर खोल; पोहरा नाही, दोर नाही. ज्ञानदेवांनी लघिमा सिद्धीनं देह लहान केला, आत उतरून पाणी प्यायले आणि तुझ्यासाठीही घेऊन येतो म्हणाले. नामदेवाला ते उसनं पाणी नको होतं. त्यानं विठ्ठलाचा धावा केला आणि विहीर उचंबळून काठाबाहेर वाहू लागली. बिकानेरजवळचं कोलायत हेच ते ठिकाण, असं मानतात.

कीर्तनकार या गोष्टीतून योगापेक्षा भक्ती कशी थोर ते सांगतात. माझं लक्ष लहानपणापासून त्या विहिरीकडे. ती एवढी खोल कुणी खणली? गुरू ग्रंथसाहिबात नामदेवाची 61 पदं आहेत. त्यांतल्या धनासरी रागातल्या एका पदात मारवाड येतो, तिथलं पाणी येतं आणि वेलीसाठी जीव टाकणारा उंटही येतो. यात्रा खरी किती आणि कथा किती, यावर पंडितांनी खुशाल भांडावं. मारवाड म्हटल्यावर नामदेवाला वाळू नाही, पाणी आठवलं, एवढं मला पुरे आहे.

आता औंढ्याहून वाळवंटात जायचं तर ट्रॅव्हल्सवाल्याचा कागद लागतो. जुन्या लोकांना पूर्णा-अकोला मीटरगेजवरून राजस्थानकडे जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस आठवते. त्या गाडीनं लोक पुष्करला किंवा व्यापाराला जायचे. वाळू बघायला कुणी जात असेल असं वाटत नाही. आमच्याकडच्या हळदीच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या बसलेली मारवाडी घराणी तर त्या वाळूतून उठूनच इकडे आली. त्यांच्यातल्या एका ओळखीच्या शेठजींना मी जैसलमेरला चाललोय म्हटल्यावर ते हसून म्हणाले, “आमचे आजोबा तिथून पळाले, तुम्ही पैसे भरून चाललात.”

कागदावर समसाठी एकच ओळ होती: जीप सफारी, उंटसवारी, सूर्यास्त, सांस्कृतिक कार्यक्रम, बुफे, तंबूत मुक्काम. सम हे गाव जैसलमेरच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर. शेवटच्या टप्प्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना कॅम्पच्या कमानी सुरू होतात आणि त्यांच्या मागे कुठेतरी वाळू असते. हा सगळा साचा दुबईहून आलेला आहे. दुबईला जाऊन आलेले आमचे पुण्या-नांदेडचे नातेवाईक त्याचं वर्णन तोंडपाठ करून आलेले असतात: लँड क्रूझर, टेकडीवरून आपटत जाणं, बार्बेक्यू, मेंदी, बेली डान्स. तिकडे गाडीला आतून लोखंडी पिंजरा आणि पट्टे तरी असतात. समला उघडी जीप, मागे उभं राहायचं आणि आडवा पाइप घट्ट धरायचा. आमच्या ड्रायव्हरनं वाळू सुरू व्हायच्या आधी गाडी थांबवली, एका खिळ्याच्या टोकानं चारही टायरांची थोडी थोडी हवा सोडली. फुस्स आवाजानं बायका दचकल्या. टायर बसला की त्याचा तळवा पसरतो आणि तो वाळूत रुतत नाही; उंटाच्या पावलाचंही तेच आहे.

आमच्या आत्या सत्तरीच्या. माहेर नर्सीचं, गुडघे दुखरे, एकादशी कडक. जीप पहिल्या टेकडीच्या माथ्यावर चढली आणि पुढे नुसतं आभाळ दिसायला लागलं तेव्हा त्यांनी “थांबव रे बाबा, थांबव” म्हणून ड्रायव्हरला विठोबाची शपथ घातली. गाडी धाडकन खाली आली. वाळू नाकातोंडात गेली. आत्यांनी पदर झटकला, चष्मा चाचपला आणि म्हणाल्या, “आणखी एकदा ने बरं.” या असल्या खेळांना नाकं मुरडणाऱ्यांनी सत्तर वर्षांची बाई असं कधी म्हणते ते एकदा ऐकावं. मी नाकं मुरडणार नाही. क्वाड बाइकवर मात्र मी बसलो नाही; तिच्या इंजिनाचा आवाज आमच्याकडच्या हरभऱ्याच्या फवारणी पंपासारखा डोक्यात जातो.

उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे बसणारा पुढे तोंडावर जातो आणि मग मागे. ज्याला हे ठाऊक नाही तो ओरडतो, आणि उंटवाल्याला ते ओरडणं रोजचं. आमच्या उंटाचं नाव रॉकेट होतं. उंटवाला पंचविशीतला, मोबाइलवर फोटो काढण्यात पटाईत. त्याच्या आजोबांकडे उंटांचा तांडा होता. याच्याकडे हा एकच, तोही भागीत. राजस्थाननं 2014 मध्ये उंटाला राज्यपशू केलं, पुढच्या वर्षी कत्तलीला बंदी घातली आणि परराज्यात नेण्यावर निर्बंध आणले. उंट वाचावा म्हणून केलेल्या कायद्यानं उंटाचा बाजार मोडला आणि पाळणाऱ्याचा हातच आखडला, असं उंट पाळणारे रायका-रेबारी लोक सांगतात. 2012 साली देशात चार लाखांच्या घरात असलेले उंट 2019 च्या पशुगणनेत अडीच लाखांवर आले. उरलेल्यांतले किती सूर्यास्ताच्या फोटोंवर पोट भरतात कुणास ठाऊक. एवढं खरं की पर्यटक नसता तर रॉकेटला चारा घालायला त्या पोराकडे कारण उरलं नसतं. सफारीला शिव्या देण्याआधी हा हिशेब मांडावा लागतो.

कॅम्पात शिरताना कपाळाला टिळा, ढोल, थाळीत फुलं. मधे गोल अंगण, भोवती गाद्या आणि लोड, एका कोपऱ्यात शेकोटी. आधी भवाई, मग तोंडातून जाळ काढणारा, मग कालबेलिया. काळा घागरा, त्यावर चांदीच्या रंगाचं भरतकाम, आणि ती बाई मागे वाकून पापणीनं जमिनीवरची अंगठी उचलते. युनेस्कोनं 2010 साली या नाचगाण्याला वारशाच्या यादीत घेतलं. हे लोक मूळचे गारुडी. 1972 चा वन्यजीव कायदा आला आणि टोपल्यांतले नाग गेले. नागाची चाल तेवढी बायकांच्या अंगात राहिली. ते कानिफनाथांना गुरू मानतात, म्हणजे आपल्या मढीच्याच. आत्यांना मी हे कानात सांगितलं. नागनाथाच्या गावच्या माणसांपुढे कानिफनाथांच्या लेकी नागासारख्या डोलत होत्या आणि पलीकडे निवेदक माइकवर विचारत होता, “महाराष्ट्र से कौन कौन है?”

महाराष्ट्र म्हटल्यावर पुढे काय वाजणार ते उघड होतं. ‘झिंगाट’ लागलं. आम्ही सगळे नाचलो, आत्याही टाळ्या वाजवत उभ्या राहिल्या. हेही ठीक. पण त्याआधी कोपऱ्यात एक म्हातारे मांगणियार वादक कमायचा घेऊन बसलेले होते. आंब्याच्या लाकडाचा घुमट, त्यावर बकऱ्याचं कातडं, आतड्याच्या तारा, आणि गज ओढला की माणसाच्या घशातून यावा तसा खरखरीत स्वर. याच कमायच्यासाठी हमीरा गावच्या साकर खाँना 2012 साली पद्मश्री मिळाली. इथे माइक होता तो कीबोर्डसमोर. म्हाताऱ्यांचा गज हलताना दिसत होता, ऐकू मात्र काही येत नव्हतं. मी जवळ जाऊन बसलो तेव्हा कुठे दोन-चार स्वर कानावर आले.

समला लागूनच डेझर्ट नॅशनल पार्क आहे. आपल्या नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य केलं तो माळढोक, तिकडचा गोडावण, आता देशभरात दीडशेच्या आसपास उरलाय आणि त्याचा मुख्य आसरा हाच. त्याचं एक प्रजनन केंद्रही समलाच आहे. एका अंगाला अंड्यांना जपणारी माणसं, दुसऱ्या अंगाला डीजे. आवाजावरून आठवलं, औंढ्याजवळ लायगोची, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी, वेधशाळा उभी राहतेय. 2023 च्या एप्रिलमध्ये केंद्रानं तिला 2600 कोटी मंजूर केले. आमची जागा निवडली गेली ती तिथली जमीन फार हलत नाही, गोंगाट करत नाही, म्हणून. शांतता हा निवडून घ्यायचा माल असू शकतो, हे आम्हाला शास्त्रज्ञांनी येऊन सांगितलं. समवाल्यांना कुणीतरी सांगायला हवं. त्यांच्याकडे आमच्यापेक्षा पुष्कळ आहे.

रात्री उशिरा आवाज थांबले आणि एक ओळखीची घरघर आली. टँकर. मराठवाड्याचा माणूस हा आवाज झोपेतही ओळखतो. कॅम्पच्या टाक्या भरायला आला होता. तंबूत गरम पाण्याचा शॉवर, कमोड, जेवताना प्रत्येकापुढे बाटलीबंद पाणी. सकाळी टेकडीच्या पायथ्याशी त्याच बाटल्या अर्ध्या वाळूत बुजलेल्या. जैसलमेरला वर्षाचा पाऊस दोनशे मिलीमीटरच्या आसपास. आमच्याकडे त्याच्या चौपट पडतो, तरी उन्हाळ्यात घागरी रांगेत असतात. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तेव्हा त्या टाक्यांचे डबे राजस्थानातल्या कोट्याहून धुऊन पाठवलेले होते. आमची तहान भागवायला राजस्थानचे डबे यावे लागले, ही गोष्ट कॅम्पातल्या कुणाला सांगायची?

मॅनेजरला विचारलं, इथे जवळ जुनी विहीर आहे का. तो म्हणाला, “टैंकर आता है सर, कुआँ देखके क्या करोगे?” कागदावर विहीर नव्हती. ड्रायव्हरनं मात्र ऐकलं आणि सकाळी परतताना गाडी आपल्या वस्तीकडे वळवली.

तिकडे तिला बेरी म्हणतात, बिकानेर-चुरूकडे कुंई. अनुपम मिश्रांच्या ‘राजस्थान की रजत बूँदें’मध्ये तिच्याबद्दल वाचलं होतं. काही भागांत वाळूच्या खाली काही हातांवर खडियाचा, म्हणजे खडूसारख्या दगडाचा, थर असतो. पावसाचं पाणी त्याच्याखाली जात नाही, म्हणून तळच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. ते वाळूत ओल होऊन राहतं. कुंई खणायची ती त्या थरापर्यंतच, आणि तोंड जेमतेम माणूस मावेल इतकं अरुंद, कारण झिरपणारं थोडं पाणी रुंद तळावर पसरलं तर भांड्यात यायचं नाही आणि उन्हानं उडूनही जाईल. एवढ्याशा जागेत कुदळ फिरत नाही, म्हणून खणणारा आखूड दांड्याची बसौली वापरतो. डोक्यावर धातूचं भांडं घालतो, कारण वरून येणारा दगड थेट टाळूवर. आत उकाड्यानं गुदमरायला होतं, तेव्हा वरचे लोक मूठमूठ वाळू जोरानं खाली फेकतात. वाळूबरोबर ताजी हवा आत जाते आणि गरम हवा वर येते. थेंबथेंब साठून दिवसाला दोन-तीन घागरी. त्याही घराघरांच्या ठरलेल्या. याच्या अगदी उलट, 2024 च्या डिसेंबरअखेर जैसलमेर जिल्ह्यातल्याच मोहनगढला शेतात बोअर घेताना पाणी असं उसळलं की ड्रिलिंगचं यंत्र आणि ट्रक जमिनीत गेला. लोक सरस्वती आली म्हणाले, भूजलवाले दाबाखालचं जुनं पाणी म्हणाले. मला अर्थात नामदेव आठवला.

वस्तीवरच्या बाईनं लाकडी झाकण बाजूला केलं. दोन हातांचं तोंड, खाली काळोख, आणि दोर इतका लांब की तिनं तो ओढता ओढता आम्हाला कुठून आलात, मुलं किती, सगळं विचारून घेतलं. नागनाथाच्या गाभाऱ्यात उतरताना आम्ही अंग चोरून, वाकून खाली जातो. अरुंद तोंडाची आम्हाला सवय आहे. आत्या गुडघे धरून वाकल्या, आत बघितलं आणि म्हणाल्या, “अगं बाई, हितून ज्ञानोबा उतरला व्हय!” बाईला मराठी कळलं नाही. तिनं पाण्याचा लोटा पुढे केला. चव किंचित तुरट, गार. पैसे देऊ केले तर तिनं घेतले नाहीत, पोरासाठी बिस्किटाचा पुडा तेवढा घेतला.

दिवाळीनंतर जैसलमेरची बुकिंग सुरू होतात. जाणार असाल तर जरूर जा, जीपमध्येही बसा, आईला-आत्याला बसवा. मात्र पैसे भरण्याआधी ट्रॅव्हल्सवाल्याला दोन गोष्टी कागदावर लिहायला लावा: रात्री तासभर डीजे बंद ठेवून कमायचा माइकशिवाय ऐकायला मिळेल, आणि सकाळी एक चालू विहीर दाखवली जाईल. रिकाम्या बाटल्या स्वतःच्या पिशवीतून जैसलमेरपर्यंत परत आणा. विहीर दाखवण्याचे वेगळे पैसे लागतील म्हणाला, तर घासाघीस न करता द्या.