समुद्रापलीकडील सेवा

परोपकाराची थोरवी वर्णन करणारे निबंध आमच्या विद्यार्थ्यांनी आजवर पुष्कळ लिहिले आहेत, व ते तपासण्यात आमची तांबडी शाईही पुष्कळ खर्ची पडली आहे. परंतु परोपकार कोणी, कोठे व कोणत्या रीतीने करावा, या प्रश्नास त्यांपैकी फारच थोडे निबंध स्पर्श करतात. गेल्या वर्षी हाच प्रश्न आमच्यापुढे एका निराळ्या रूपाने उभा राहिला. त्याचा विचार करताना जे सुचले, ते विद्यार्थी व पालक यांच्यापुढे ठेवण्याचे योजिले आहे.

आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने फिजिओथेरपीची पदवी घेतली. पुढे एका स्वयंसेवी संस्थेमार्फत आफ्रिकेच्या पूर्व भागातील एका देशात दोन वर्षे सेवा करण्यासाठी त्याची निवड झाली. खेड्यापाड्यांतील अपंग मुलांस हिंडतेफिरते करणे आणि शाळेत, बाजारात व गावच्या बैठकीत त्यांना इतरांबरोबर जागा मिळवून देणे, हे तेथील काम. वेतन नाही, निर्वाहापुरता भत्ता तेवढा मिळावयाचा. मुलाचे वडील चाकणच्या एका मोटारींच्या कारखान्यात नोकरीस आहेत, आणि शिक्षणासाठी काढलेले कर्ज अद्याप फिटलेले नाही. तेव्हा मुलाची आई एके दिवशी आमच्याकडे आली व म्हणाली, "सर, तुमचे तो ऐकतो, म्हणून आले. सेवा करू नको असे मी म्हणत नाही. पण आपल्या सांगवीत अपंग माणसे नाहीत का? आमच्याच चाळीतली पोर दोन वर्षे घरात बसून आहे. तिला सोडून समुद्रापलीकडे कशाला जायचे?"

त्या माउलीचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. पवना व मुळा या दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेल्या आमच्या सांगवीस हा विषय नवखाही नाही. नदीपलीकडे खडकीस पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी १९१७ साली निघालेली क्वीन मेरी तंत्रसंस्था आहे; कमरेखालचे अंग लुळे पडलेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्रही तेथेच आहे. १९६५ च्या युद्धात जखमी झालेले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले, हे तर पुष्कळांस ठाऊक आहे. मग घरचे क्षेत्र एवढे विस्तीर्ण असता परदेशी का जावे?

याचे उत्तर शोधताना आम्हांस प्रथम आठवले ते आमच्याच मुलखात परदेशाहून आलेले हात. इसवी सन १९०० च्या सुमारास दुष्काळ व प्लेग यांनी मुंबई इलाखा पोळून निघाला होता. निराधार झालेल्या मुलांत कित्येक आंधळी होती. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस अ‍ॅना मिलर्ड यांनी त्याच वर्षी मुंबईत अशा मुलांसाठी शाळा काढली. आज दादरची कमला मेहता अंधशाळा म्हणून ओळखली जाते ती हीच. मिलर्डबाईंच्या स्वतःच्या देशात आंधळी मुले नव्हती काय? अर्थातच होती. त्यांच्या आईनेही कदाचित हाच प्रश्न विचारला असेल. परंतु त्या आल्या नसत्या, तर येथील कित्येक मुलींच्या बोटांस अक्षर लाभण्यास आणखी किती काळ लागला असता, कोण जाणे!

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्या १८८३ साली इंग्लंडास व १८८६ साली अमेरिकेस गेल्या. तेथे पाहिलेले, शिकलेले व मिळविलेले साहाय्य त्यांनी येथील स्त्रियांच्या पदरात घातले. केडगावच्या मुक्ती आश्रमात त्यांनी आंधळ्या स्त्रियांसाठी बार्तिमी सदन चालविले. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई यांनी ब्रेल लिपी शिकून घेऊन ती तेथील मुलींस शिकविली. म्हणजे समुद्र ओलांडून कोणी येथे आले, तसे येथूनही कोणी गेले, आणि विद्या दोन्ही वाटांनी वाहिली.

त्या सदनाचे नाव ज्या बार्तीमयावरून पडले, त्याची गोष्ट आमच्या मुलांस पाठ आहे. यरीहोच्या वाटेवर बसलेल्या त्या आंधळ्या भिकाऱ्यास काय हवे असेल, हे कोणासही दिसत होते. तरी प्रभूने आधी त्यालाच विचारले. आमच्या मते सेवेचे सारे शास्त्र त्या विचारण्यात आहे. दया करणारा मनुष्य पुष्कळदा आपल्यास जे द्यावयाचे असते ते देतो. घेणाऱ्यास काय हवे, हे विचारण्याचे त्यास सुचत नाही. आंधळ्यांची लिपीदेखील कोणा डोळस उपकारकर्त्याने तयार करून दिलेली नाही. बालपणीच दृष्टी गमावलेल्या लुई ब्रेल याने ती पंधरा-सोळाव्या वर्षी स्वतः रचली. सहा ठिपके आणि त्यांच्या त्रेसष्ट आकृती, एवढ्यावर त्याने जगातील आंधळ्यांस ग्रंथालय मिळवून दिले.

आपल्या महाराष्ट्रात या तत्त्वाचे मोठे प्रात्यक्षिक जामखेडास पाहावयास मिळते. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील या दुष्काळी भागात काम आरंभिले. ज्यांस शाळेचे तोंडही पाहावयास मिळाले नव्हते अशा खेड्यातील बायांस त्यांनी आरोग्यसेविका केले. कुष्ठरोग्यांस गावाबाहेर न घालविता गावातच उपचार मिळावेत, अशी वहिवाट पाडली. पाय गमावलेल्यांसाठी कृत्रिम पाय बनविण्याचे कारागिरीचे काम तेथील माणसांस शिकविले. आज अनेक देशांतील डॉक्टर व विद्यार्थी जामखेडास येतात, आणि त्यांस धडे देणाऱ्यांत या खेडवळ आरोग्यसेविकाही असतात. परदेशी मनुष्य येथे शिकविण्याऐवजी शिकावयास येतो, हा केवढा सुंदर पालट!

हे सारे आम्ही त्या माउलीस सांगितले. परंतु तिच्या चाळीतील मुलीचा प्रश्न इतिहासाने सुटणारा नव्हता. ती मुलगी अकरा वर्षांची; पाय लुळे, बुद्धी तल्लख. पूर्वीच्या शाळेत तिचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर गेला आणि तिचे शिक्षण संपले. वास्तविक २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यान्वये, ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या प्रत्येक मुलास जवळच्या शाळेत, अथवा पसंत असल्यास विशेष शाळेत, विनामूल्य शिकण्याचा अधिकार आहे. परंतु कायदा पुस्तकात राहतो आणि जिना भिंतीस चिकटून राहतो.

आमच्या माजी विद्यार्थ्यास आम्ही एवढेच म्हणालो, "बाळ, तू जरूर जा. पण जे काम तेथे करणार आहेस, ते आधी येथे एकदा करून पाहा." त्याने ते मनावर घेतले. औंधच्या जिल्हा रुग्णालयात मुलीच्या आईवडिलांबरोबर खेटे घालून तिचे प्रमाणपत्र मिळविले. चाकांची खुर्ची तिच्या मापाची आहे की नाही, हे पाहिले. आमच्या मुख्याध्यापकांनी पाचवीचा वर्ग तळमजल्यावर आणला, व पालकांच्या वर्गणीतून दाराशी उतरण बांधण्यात आली. मुलीस बाकाजवळ कोणी उचलून ठेवावे, याची चर्चा आम्ही शिक्षक करीत होतो. तेव्हा त्या मुलाने तिलाच विचारले. ती म्हणाली, "मला कोणी उचलू नका. आणि एकटीला पुढे बसवू नका. मैत्रिणींच्या रांगेत खुर्ची लावा." आम्ही तसेच केले. ती मुलगी आता नित्य शाळेत येते.

कफर्णहूमच्या त्या चार मित्रांची आम्हांस या वेळी आठवण झाली. आपल्या पक्षाघाती सोबत्यास दारातून नेता येईना, तेव्हा त्यांनी त्यास परत नेले नाही. घराचे छप्पर उघडले. बदलावयाचे होते ते घर, मनुष्य नव्हे.

पुढे तो तरुण परदेशी गेला. त्याची पत्रे येतात. पहिले तीन महिने आपण उपचार थोडे आणि तेथील भाषेचा अभ्यास फार केला, असे तो लिहितो. त्याची भाषाशिक्षिका तेथलीच, काठीच्या आधाराने चालणारी एक बाई आहे. कोणत्या घरी अपंग मूल लपवून ठेवले आहे, हे तिलाच ठाऊक असते. ती पुढे आणि तो मागे, असे दोघे हिंडतात. इकडे कर्जाचे हप्ते वडील भरीत आहेत, व त्यासाठी जादा पाळ्या करीत आहेत. सेवेला गेला एक. भार मात्र तिघांनी वाहिला. मुलाचे कौतुक करताना या दोघांचा विसर पडू नये.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी काहींस दूरदेशीची हाक पुढे ऐकू येईल. इंग्लंडातील व्ही. एस. ओ. नामक संस्थेने १९५८ साली आरंभी नुकतीच शाळा सोडलेली अठरा वर्षांची मुले परदेशी धाडली. पुढे मात्र अंगी काही कसब असलेली माणसेच ती निवडू लागली. उत्साह पुष्कळांपाशी असतो, परंतु खेड्यातील लुळ्या मुलास उत्साहाहून कुशल हाताची गरज अधिक आहे. म्हणून आज हाती असलेला अभ्यास मन लावून करा. परभाषा शिका. आणि ज्यास मदत करावयाची, त्यास आधी विचारावयास शिका. त्यास पारपत्र लागत नाही, तो अभ्यास आजच, शेजारच्या बाकावर सुरू करता येतो. पालकांसही आमची नम्र विनंती आहे की, मुलाने असा मार्ग धरला तर त्याचे सर्व हिशेब त्याच्यापुढे अवश्य मांडावे, पण दार लावून घेऊ नये.