तूप वेगळ्या वाटीत

आमच्या मेहकरकडे मी तरी ज्यू माणूस पाहिलेला नाही. इतिहासाच्या पुस्तकात, हिटलरच्या प्रकरणात भेटतो तेवढाच. तो घरात मराठी बोलतो, त्याचे आडनाव किहीमकर, पेणकर, दिवेकर असे असते, हे मला मामांकडे अलिबागला गेले तेव्हा समजले. मामा थळच्या खत कारखान्यात नोकरीला आहेत. त्यांच्या शेजारच्या आजी बेने इस्रायली.

बेने इस्रायल म्हणजे कोकणातले जुने ज्यू. गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया नौगावच्या किनाऱ्याला लागल्या, ही त्यांच्यात चालत आलेली हकीकत. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पुढे डेव्हिड रहाबी नावाचा एक धर्मबंधू आला. त्याने बायकांपुढे सरमिसळ मासळी ठेवली. त्यांनी खवले आणि पर असलेली तेवढीच शिजवायला निवडली आणि त्याची खूण पटली, असे सांगतात. धर्मग्रंथ हरवले होते, प्रार्थना बहुतेक विसरल्या होत्या. चूल मात्र काही विसरली नव्हती!

आजींच्या घरी कोळंबी नाही, खेकडा नाही. मांस आणि दूध एकत्र नाही, म्हणून मटणाच्या रश्शाला नारळाचे दूध. गाय मात्र त्यांच्या शास्त्राला चालते, कारण ती रवंथ करते आणि तिचा खूर दुभंगलेला असतो. तरीही कोकणातल्या बेने इस्रायलांनी पिढ्यान् पिढ्या गोमांस वर्ज्य मानले, ते भोवतालच्या हिंदूंचे मन राखण्यासाठी. काहींना तर पुढे ही बंदी आपल्या धर्मातलीच वाटू लागली.

मी आजींना विचारले तेव्हा त्या तांदूळ निवडीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "शास्त्राला चालतं गं बाळ. शेजाराला चालत नाही. राहायचं कुठं, शास्त्रात की आळीत?"

गोहत्याबंदीचा कायदा महाराष्ट्रात १९७६ चा. २०१५ साली तो बैल आणि वळूंनाही लागू झाला. आजींच्या आजीने कायदा पाहिला नव्हता. तिने न खाणे हे तिचे देणे होते. आज तीच गोष्ट कोणी पाळली, तर ती शेजाऱ्यासाठी की शिक्षेच्या भीतीने, हे ओळखणार कसे?

आणि हे देणे एकतर्फी नव्हते. होळीला मामी आजींकडे पुरणपोळी पाठवते, पण पोळीला तूप लावीत नाही. ते वेगळ्या वाटीत देते. आजींकडे त्या दिवशी मटण झाले असेल तर तूप चालायचे नाही; नसेल तर त्या लावून घेतील. मामी तशी भारी चौकस बाई, पण "आज काय केलंत?" असे त्या दिवशी चुकूनही विचारीत नाही.

हे सारे आठवायला कारण आमचे वसतिगृह. माझी खोलीतली मैत्रीण शेगावकडची, माळकरी घरातली. तिचे वडील दरवर्षी गजानन महाराजांच्या पालखीबरोबर पायी पंढरपूरला जातात. आमच्या घरी अंडी, मटण सगळे होते. पहिल्याच आठवड्यात मी खोलीत अंडे शिजवायचे बंद केले. ती काही म्हणाली नव्हती. नंतर आईने पाठवलेल्या चिवड्यात नेहमी एक पुडी निराळी येऊ लागली, "तिच्यासाठी" म्हणून.

यंदा नियम झाला, की वसतिगृहात घरचा सामिष डबादेखील आणायचा नाही. बैठकीत मी एकटीने विरोध केला. रात्री मैत्रीण भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तू तर इथं खातच नाहीस. मग तुला माझाच त्रास होतो का?"

काय सांगावे? मी तिला आजींची गोष्ट सांगितली. आतापर्यंत मी जे तुझ्यासाठी करीत होते, ते आता सूचनाफलकासाठी करायचे, हे मला सोसत नाही, असेही म्हटले. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने एवढेच विचारले, "आणि तुपाची वाटी आजी परत देताना रिकामीच देतात का?"

नाही. वाटीत पोहे, खोबरे आणि साखर असते.

नियम बदलावा म्हणून रेक्टरबाईंकडे अर्ज दिला आहे. त्यावर दोन सह्या आहेत. उत्तर अजून आलेले नाही.