कंसातलं नाव

सातबाऱ्यावर मेलेल्या माणसाचं नाव कंसात टाकतात. खाली वारसांची नावं चढतात, शेजारी फेरफाराचा क्रमांक येतो आणि ज्यानं ती जमीन जन्मभर कसली, त्याच्या नावाला दोन्ही बाजूंनी कंस. आबांच्या नावाला तो लागला २०१८ च्या उन्हाळ्यात. भावानं गावाहून उतारा पाठवला, तो मी चारकोपच्या घरात दाराशी उभी राहून वाचला. खाली भावाचं नाव होतं, त्याच्याखाली माझं. त्या जमिनीच्या कागदावर माझं नाव पहिल्यांदाच आलं, आणि आलं तेही आबांना कंस पडला म्हणून. पुढे २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला, तेव्हापासून कंसातल्या नावावर आडवी रेघही येते. तो नवा उतारा मी अजून काढलेला नाही.

आबा माणदेशातले. सालभरात पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तरी बरं साल म्हणायचं, असा तो मुलूख. बाजरी, मटकी, हुलगा आणि रब्बीला ज्वारी, एवढीच पिकं. १९७२ च्या दुष्काळात आबा आणि आई दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायला होते. सुकडी आणि मिलो खाल्लेली ती पिढी. ताटात भाकरीचा तुकडा उरलेला दिसला की आबांचं बोलणं थांबायचं. २०१२ ला पुन्हा तसाच दुष्काळ आला आणि शेवटची म्हैस छावणीत न्यावी लागली. त्याच साली आई गेली. भाऊ गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात, कोइम्बतूरला. माणदेशातली कितीतरी घरं अशीच देशभर पांगली आहेत. राहता राहिले मी. लेकीच्या घरी जाऊन राहायचं हे आबांच्या मनाला किती लागलं असेल, ते मला त्यांच्या गाठोड्यावरून कळलं. दोन धोतरं, एक विळा, आणि दोन फडक्यांत बांधलेलं बियाणं. बाजरी आणि मटकी. पाहुणा म्हणून येणारा माणूस बियाणं आणत नाही.

चारकोप म्हणजे कांदिवलीचा खाडीकडचा भाग. आमचं घर म्हाडाच्या वसाहतीतलं. जागतिक बँकेच्या कर्जातून १९८५ नंतर इथे छोटे छोटे प्लॉट पाडून दिले, त्यावर ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे घर बांधलं. पस्तीसेक घरांची सोसायटी आणि मध्ये एक अंगण. त्याआधी इथे खाजण होतं. अजूनही रात्री समुद्राकडून वारा सुटला की तिवरांच्या चिखलाचा वास दारापर्यंत येतो. मला हा वास आवडतो. आबांना तो पहिल्या रात्री झोपू देईना. "जमीन आंबलीया हितली," म्हणाले.

पहिल्या पावसाळ्यात त्यांनी अंगणाचा एक कोपरा हेरला. पेव्हर ब्लॉक तिथवर पोचले नव्हते. पाऊस पडला की आबा छत्री न घेता जायचे, उकिडवे बसायचे, चिमूटभर माती उचलून मुठीत दाबायचे. मूठ उघडली की लाडू व्हायचा, आणि तो लाडू ते हातभर उंचीवरून खाली सोडायचे. फुटला नाही की उठून घरात यायचे.

वापसा हा शब्द मुंबईत सांगावा लागतो. पाऊस पडला म्हणजे लगेच पेरत नाहीत. पाणी आत मुरलं पाहिजे, वरचं उतरलं पाहिजे, मातीत ओलही हवी आणि वाराही खेळता हवा. बियाणं टाकलं तर ना कुजेल ना करपेल, अशी मातीची जी एक दोन-तीन दिवसांची तयारी असते, तिला वापसा म्हणतात. मातीचा लाडू वळतो, पण खाली सोडला की फुटतो. तेव्हा पेरायचं. चुकलं तर ते साल गेलं. आबांचं सत्तर वर्षांचं आयुष्य हा लाडू फुटण्याची वाट बघण्यात गेलं होतं, आणि इथे तो फुटत नव्हता. ज्या उपनगरांनी २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजलेला पाहिला, तिथे जुलैत वापसा कुठून येणार? "हितं पाऊस हाय, पर वापसाच येत न्हाई," असं आबा म्हणायचे तेव्हा ते फक्त अंगणाबद्दल बोलत नसत, असं मला आता वाटतं.

तरी त्यांनी बाजरी टोकली. ती अशी तरारली की शेजारी बघायला यायचे. पुरुषभर उंच, हिरवीगार, गावाकडे कधी न आलेली. कणसं निसवली, फुलोऱ्यात आली आणि नेमका आठ दिवस पाऊस लागला. परागच धुऊन गेला. आबांनी एक कणीस खुडून आणलं आणि माझ्यासमोर अंगठ्यानं चोळलं. तळहातावर नुसता कोंडा उडाला, दाणा एकही नाही. त्यांनी हात झटकला नाही. बराच वेळ तसाच उघडा धरून बसले.

गुडघे साथ देत तोवर ते चालत राहिले. चालता चालता त्यांनी माझी कांदिवली मला दाखवली. एकदा पोईसर नदीवर थांबून विचारलं, "ह्यो वढा कुटनं येतो?" राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरातून येतो, खाडीला मिळतो, मी सांगितलं. मग म्हणाले, वरचं पाणी गोड असंल, म्हंजे काठाला भात असणार. होतंच. पोईसरमध्ये, चर्चच्या जवळ, एका म्हाताऱ्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती गृहस्थाशी त्यांची ओळख झाली. त्या घरची भातशेती होती, गेल्या पिढीत गेली. ऑक्टोबरात आगेऱ्याच्या सणाला नव्या भाताच्या लोंब्या देवळात नेऊन आशीर्वाद घेतात. हल्ली त्या लोंब्या वसईकडून आणाव्या लागतात, असं ते म्हणाले. आबांनी त्यांच्या हातातली लोंबी घेतली, एक दाणा दाताखाली धरला, आणि दोघं भाताच्या आणि बाजरीच्या रोगांवर तासभर बोलले. एकाची बोली माणदेशी, दुसऱ्याची वसई-साष्टीची. मध्ये मी बसले होते, दोघांना एकमेकांचं बोलणं समजावून द्यावं लागेल म्हणून. एकदाही लागलं नाही.

१९५७ साली हा सगळा पट्टा दहिसरपर्यंत बृहन्मुंबईत आला. त्याच वर्षी १ एप्रिलला, कृषक दिनाला, कूळकायद्यानं राज्यातल्या कितीतरी कुळांना जमिनीचे मालक केलं. आमच्या आज्याचं नाव सातबाऱ्यावर चढलं ते याच कायद्यामुळे. इथे मात्र शहर आलं. नगर भूमापन झालं की सातबारा बंद होतो आणि मालमत्ता पत्रक सुरू होतं. त्यात पिकाचा रकानाच नसतो. आबांना कंस तरी मिळाला. कांदिवलीच्या शेतकऱ्यांचा कागदच बंद झाला.

आणि ही जमीन नवी नव्हती. कान्हेरीच्या एका शिलालेखात मंगलस्थान गावातल्या शेताचं दान नोंदलं आहे. ते मंगलस्थान म्हणजे आजचं मागाठाणे, कांदिवलीच्या शिवेवरचं. त्याच्याही आधीची दगडी हत्यारं टॉड नावाच्या अधिकाऱ्याला १९३० च्या दशकात कांदिवलीत सापडली. १९२० च्या दशकात इथले डोंगर फोडून दगड रेल्वेनं बॅकबेच्या भरावाला गेला. हे सांगितल्यावर आबांनी फक्त एवढंच विचारलं, "खडी फोडायला कोण हुतं?"

एक दिवस त्यांनी पूर्वेला न्यायला सांगितलं. अकुर्ली रोडवर महिंद्राचा कारखाना आहे, तिथे १९६० च्या दशकापासून ट्रॅक्टर बनत आले, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. खरसुंडीच्या बाजारात खिलारी जोडी विकल्यावर आबा तासाच्या भाड्यानं ट्रॅक्टर आणून नांगरायचे, स्वतःचा कधी झाला नाही. फाटकापासून थोडं लांब आम्ही उभे राहिलो. एका लांब ट्रेलरवर लाल ट्रॅक्टर ओळीनं बांधलेले बाहेर पडले. आबांनी टोपी काढली. बेंदराला बैलांसमोर काढायचे, तशी.

महाराष्ट्रात शेतकऱ्याचं मरण म्हटलं की एकच मरण डोळ्यांसमोर येतं. १९ मार्च १९८६ ला यवतमाळच्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. आजही त्या तारखेला माणसं अन्नत्याग करतात, आणि तो केलाच पाहिजे. पण जे शेतकरी कर्जात बुडूनही जगले, थकले आणि परक्या गावात बिछान्यावर गेले, त्यांची मोजदाद कुठेच नाही. आबा त्यातले. २०१७ च्या सप्टेंबरअखेर, पहाटे, पाऊस पडत असताना गेले. आदल्या रात्री विचारलं होतं, "गावाकडं पडतुया का?" पडतोय, मी म्हटलं. खरंच पडत होता.

डहाणूकरवाडीच्या स्मशानात अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी रक्षा घेऊन आम्ही गावी गेलो, कारण आमच्यात ती नदीत सोडत नाहीत, शेतात पसरतात. रानात पाय ठेवला तेव्हा ऊन पडलं होतं. वाट्यानं रान करणारे काका बांधावर पाभर घेऊन उभे होते. सुतकात पेरावं की नाही, या पेचात. बोलायला लाजत होते. शेवटी म्हणाले, "पोरी, वापसा आलाय. दसवं हुईस्तोवर थांबायचा न्हाई." भावानं माझ्याकडे बघितलं. मी माती उचलली, दाबली, लाडू वळला. सोडला. फुटला. आम्ही रक्षा पसरली आणि काकांनी तिच्यावरून पाभर घातली. चाड्यावर मूठ धरायला मला दिली. त्या साली ज्वारी चांगली झाली.

आता मेट्रोनं येताना बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज एकेक नाव घेतो. कुरार, आकुर्ली, पोईसर, मागाठाणे, देवीपाडा. डब्यात कुणी मान वर करत नाही. मी करते. ही सगळी गावं, पाडे, शिवारं कंसात गेलेली आहेत, आणि कंसातलं नाव वाचता येतं.

गेल्या पावसाळ्यात सोसायटीच्या सभेत अंगणाचा तो कोपराही पेव्हर घालून बंद करायचं ठरत होतं. मी तेवढी एक पट्टी सोडा म्हटलं, सोडली. जुलैत मध्येच चार दिवस उघडीप मिळाली. चौथ्या दिवशी संध्याकाळी कामावरून आले, पिशवी दारातच ठेवली आणि उकिडवी बसले. चिमूटभर माती मुठीत दाबली, हातभर उंचीवरून सोडली. फुटली.

घरात पेरायला काही आणलेलं नव्हतं. मी आत गेले आणि वरच्या फळीवरचं आबांचं मटकीचं फडकं सोडलं.