छप्पनचा धर्म

मी कागदाच्या गिरणीत आहे. बांबू येतो, त्याच्या चिपा होतात, चिपांचा लगदा होतो, लगद्याचा कागद. पाळी बदलताना चहाच्या टपरीवर कोणीतरी हसत हसत टाकतोच, "तुमचा धर्म त छप्पनचा बे!" छप्पनचा म्हणजे कालचा. म्हणजे बिनबुडाचा, बाहेरून आणलेला. तुम्हीही हे ऐकलं असेल. कॉलेजात ऐकलं असेल, भाड्याची खोली शोधताना ऐकलं असेल.

या शब्दाला उत्तर द्यायचं तर आधी छप्पनचीच गोष्ट नीट सांगायला हवी. नागपूर सगळ्यांना पाठ आहे. 14 ऑक्टोबर 1956. पण त्यानंतर दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबरला, बाबासाहेब चांद्याला आले. आजारानं खंगलेलं शरीर घेऊन आले. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांनी हा सोहळा घडवून आणला. हेच राजाभाऊ पुढं 1969 मध्ये राज्यसभेचे उपसभापती झाले. बाबासाहेबांनी स्वतः उभं राहून एवढ्या मोठ्या जनसमुदायाला दीक्षा दिली ती दोनच गावांत, नागपुरात आणि आपल्या चांद्यात. चांदा तेव्हा महाराष्ट्रात नव्हता. मध्य प्रदेशात होता. पंधरवड्यानं, 1 नोव्हेंबरला, तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला. राज्य बदलायच्या आधी आपली माणसं बदलली होती. आणि दीक्षेनंतर 51 दिवसांनी बाबासाहेब गेले.

माझा आजा तेव्हा दहा वर्षांचा होता. वैनगंगेपलीकडचं गाव. डोंग्यानं नदी ओलांडली आणि मूलच्या रस्त्यानं जंगलातून पायी चांदा गाठला. बापाच्या खांद्यावर शिदोरी. शेतात धान लोंबीवर आलेलं, ते सोडून गेले. आजा म्हणतो, "भासन काई समजलं नाई. पन येताना बाप ताठ चालत होता, ते दिसलं." छप्पनचा धर्म म्हणजे हे ताठ चालणं. आम्ही तो छप्पनचाच म्हणून सांगू. वारसानं मिळाला नाही, शुद्धीत राहून घेतला.

आता बाहेरून आणल्याची गोष्ट. चांद्याहून वरोऱ्याच्या रस्त्याला भद्रावती लागतं, जुनं नाव भांदक. तिथं विजासनची टेकडी आहे. टेकडीच्या पोटात सरळ आत जाणारी बोळ कोरली आहे. शेवटी अंधारात बुद्ध बसला आहे. डाव्या-उजव्या बाजूलाही बोळी फुटतात आणि त्यांच्या टोकालाही बुद्ध. पाथरवटांनी छिन्नी-हातोड्यानं ही टेकडी पोखरली, त्याला कित्येक शतकं झाली. आमच्या जिल्ह्यात बुद्ध छप्पनला पाहुणा म्हणून आला नाही. त्याचं घर इथं होतंच. घरच्यांना पत्ता सांगणारं कोणी नव्हतं.

याच भद्रावतीत भद्रनागाचं देऊळ आहे. 15 ऑक्टोबरच्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितलं होतं की बौद्ध धर्म पसरवला तो नाग लोकांनी, म्हणून नागपूर निवडलं. इथं एकाच गावात नागही आहे आणि बुद्धही. पाहणारा थबकतो.

पण मित्रहो, थबकावं आणि मग डोकं चालवावं. इंग्रजांच्या काळात कनिंगहॅम इथं येऊन गेला. सातव्या शतकातला चिनी प्रवासी ह्युएन त्संग ज्या कोसल देशाचं वर्णन करतो, त्याची राजधानी भांदकच, असं त्यानं मांडलं. पुढं अनेक अभ्यासकांना ते पटलं नाही, त्यांनी छत्तीसगडातल्या सिरपूरकडे बोट दाखवलं. आपली काही मंडळी मात्र अजून कनिंगहॅमचंच वाक्य भाषणात ठोकून देतात. कशाला? अस्पृश्य हे मूळचे बौद्ध, हा सिद्धांत बाबासाहेबांनी 1948 च्या पुस्तकात मांडला, तोही सिद्धांत म्हणूनच, पुरावे आणि तर्क समोर ठेवून. विजासनचा दगड माझ्या खापरपणजाचं नाव सांगत नाही. तो एवढंच सांगतो की ही माती बुद्धाला ओळखत होती. एवढं पुरे आहे. पोथी खोटी रचायची सवय त्यांची. ती आपण उचलायची नाही.

आणखी एक काम उरलं आहे. दरवर्षी 15-16 ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर गर्दी होते. स्टॉल लागतात, भाषणं होतात. पण छप्पनला कोण कोणत्या गावातून निघालं, कोणत्या वाटेनं आलं, रात्री कुठं झोपलं, काय खाल्लं, परत गेल्यावर गावानं काय केलं, हे कुणी लिहून घेतलं? तेव्हा दहा वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या घरात आहेत. हातपाय गळालेत, पण आठवण शाबूत आहे. लेणी दगडाची, ती थांबेल. माणसं थांबणार नाहीत.

गडचिरोलीच्या बांबूचा कागद होतो. त्यावर सरकारचे हुकूम छापले गेले, शेठजींच्या खातेवह्या झाल्या. आपल्या म्हाताऱ्यांची वाट त्यावर कधी उतरली नाही. तेव्हा या रविवारी आपल्या मोहल्ल्यातलं एक म्हातारं माणूस गाठा. वही उघडा. गावाचं नाव, वाटेचं नाव, सोबत्यांची नावं, ते बोलतील तसं लिहा. बोली सुधारू नका.